अस्सल बरहुकूम

१९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी एका मोटारीबद्दल निकाल दिला. एड हबर्ड या गृहस्थांनी आपली जुनी बेंटली मिडलब्रिज सिमिटार नावाच्या कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचे कबूल केले होते. एप्रिलमध्ये सौदा ठरला आणि मग कंपनीने पाय मागे घेतला. कंपनीचे म्हणणे असे, की आम्ही 'ओल्ड नंबर वन' विकत घ्यायला निघालो होतो आणि तुमच्याकडे उभी आहे ती गाडी 'ओल्ड नंबर वन' नाहीच. हबर्ड म्हणत होते, तीच आहे. न्यायाधीशांना ठरवायचे होते ते एवढेच, की ही गाडी कोण आहे.

'काय आहे' असे न लिहिता 'कोण आहे' असे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण हा खटला वाचताना मोटारींच्या दुनियेपेक्षा आपल्याकडच्या ओळखीच्या खटल्यांचीच आठवण जास्त येते. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ परत आले म्हणून १७७६ पर्यंत पेशवाईला घोर लावणारा तोतया, किंवा बंगालमधला भावालचा संन्यासी, ज्याच्या ओळखीचा वाद ढाक्यापासून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९४६ मध्ये मिटला. अंगावरच्या खुणा, साक्षीदारांच्या आठवणी, मधल्या वर्षांचा हिशेब. बेंटलीच्या खटल्यातही हेच सगळे होते. फरक इतकाच, की इथे खुणा पत्र्यावर आणि पोलादावर शोधायच्या होत्या.

गाडीचे पूर्वचरित्र मोठ्या घराण्यातल्या थोरल्या मुलासारखे आहे. बेंटलीच्या साडेसहा लिटर, सहा सिलिंडरच्या 'स्पीड सिक्स' जातीची ही शर्यतीची गाडी १९२९ साली कारखान्यात तयार झाली. त्या वर्षीची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली, तेव्हा वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन तिच्या चाकामागे होते आणि पहिले चारही क्रमांक बेंटलीच्याच गाड्यांचे होते. १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तिच्यावरच पुन्हा तीच शर्यत मारली. एकाच गाडीने लागोपाठ दोन वर्षे ल मान्स जिंकावी ही गोष्ट फार थोड्या गाड्यांच्या नशिबी आली आहे. बार्नाटो म्हणजे किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बापाचा मुलगा. १९२६ पासून तो बेंटली कंपनीचा अध्यक्षही होता. ल मान्समध्ये तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. १९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली, तरी ही गाडी मात्र धावतच राहिली.

धावायची म्हणजे बदलायची. शर्यतीची गाडी ही एका मोसमातून दुसऱ्या मोसमात तशीच्या तशी जात नाही. तडा गेलेला धुरा बदलतात, इंजिन उघडतात, एक बॉडी काढून दुसरी चढवतात. १९३२ साली तर हिच्या पोटात आठ लिटरचे इंजिन आले आणि त्यासाठी खाली चार लिटर मॉडेलची चासी आली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅक डनफीने आपल्या भावाच्या, क्लाइव्हच्या, हाती चाक दिले. ब्रुकलँड्सची धावपट्टी म्हणजे काँक्रीटची मोठी लंबवर्तुळाकार परात, कडा उंच उचललेल्या. वळणावर गाडी त्या कडेच्या वरून झाडीत गेली आणि क्लाइव्ह जागीच गेला. उरलेल्या गाडीतून बार्नाटोने रस्त्यावर वापरायची बंद टपाची दोन आसनी गाडी बांधून घेतली. पुढे तिच्यावर पुन्हा शर्यतीच्या धाटणीचे उघडे अंग चढले.

आता कोर्टासमोर हिशेब असा आला. १९२९ साली जिंकलेल्या गाडीतले जवळजवळ काहीच शिल्लक नाही. १९३० च्या गाडीतले काही किरकोळ सुटे भाग असतील, पण नेमके कोणते ते सांगता येत नाही. चासी आहे ती १९३२ ची. म्हणजे ज्या दोन विजयांसाठी मिडलब्रिज एक कोटी पौंड मोजायला तयार होती, त्या दोन्ही वेळी या लोखंडातला बहुतेक भाग तिथे हजरच नव्हता.

तरी हबर्ड जिंकले. न्यायमूर्तींनी 'ओरिजिनल', 'जेन्युइन' आणि 'ऑथेंटिक' असे तीन शब्द वेगळे केले. पहिले दोन त्यांनी या गाडीला नाकारले, कारण १९२९, १९३० किंवा १९३२ साली शर्यतीच्या विभागातून ज्या भागांनिशी ती बाहेर पडली ते भाग तिच्यात नाहीत. तिसरा शब्द मात्र तिला दिला. त्यांचा युक्तिवाद असा होता, की ही गाडी कधी नाहीशी झाली नाही. सुटे भाग होऊन ती अशी कधी विखुरली नाही की तिची ओळखच संपावी. अपघातानंतर ती लवकरच पुन्हा उभी केली गेली, आणि जगात दुसरी कोणतीही बेंटली, असलेली किंवा उद्या कुणी जुळवू शकेल अशी, या नावावर हक्क सांगू शकत नाही. १९९० साली विकायला काढलेली वस्तू ही नुसता धातू नव्हती, त्याच्यासोबत एक इतिहास आणि एक लौकिकही होता. मिडलब्रिजला पैसे मोजावे लागणार होते. (या कंपनीच्या नावातली सिमिटार हीसुद्धा एक स्पोर्ट्स कार. मूळ रिलायंट कंपनीची, तिचे हक्क घेऊन मिडलब्रिजने ती पुन्हा बनवायला काढली होती. दुसऱ्याचे जुने मॉडेल आपल्या नावाने पुढे चालवणाऱ्यांनी अस्सलपणाचा एवढा आग्रह धरावा ही गंमत कोर्टात कुणाला जाणवली असेल का कोण जाणे.)

मी व्यवसायाने अनुवादक आहे, त्यामुळे त्या तीन शब्दांपाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते मराठीत कसे आणायचे? मूळ, खरी आणि अस्सल असे सहज सुचते. पण 'अस्सल' हा शब्द अरबी 'अस्ल'वरून आला आणि त्या 'अस्ल'चा अर्थच मुळी 'मूळ' असा आहे. जो भेद न्यायमूर्तींनी इतक्या काळजीने केला, तो आपल्या भाषेत व्युत्पत्तीच्या पहिल्याच पायरीवर मिटतो. वापरात मात्र तो टिकून आहे. अस्सल कोल्हापुरी चप्पल म्हणताना ती पहिली चप्पल होती असे कुणालाच म्हणायचे नसते. ती त्या परंपरेतली आहे, त्या हातांची आहे, एवढेच म्हणायचे असते. न्यायमूर्ती ऑटन यांना हवा होता तो अर्थ हाच.

याहून मजेचा आहे तो 'नक्कल'. गावच्या चावडीवर किंवा तहसीलीत ज्यांनी जुन्या कागदांसाठी हेलपाटे घातले आहेत, त्यांना कागदाच्या तळाशी लिहिलेले 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' हे शब्द ठाऊक असतील. असलप्रमाणे केलेली, म्हणून खरी, आणि तरी नक्कल. नाटकी नकलेचा कुत्सित अर्थ तिथे नाही. ती नक्कल दाखवून माणूस कर्ज काढतो, कोर्टात उभा राहतो. अरबीत 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेणे. प्रत करणे हा त्याचा अर्थ आहे, भाषांतर हाही एकेकाळी होता, आणि आजच्या अरबी देशांत वाहतूक खात्याला हाच शब्द लागतो. जुन्या मोटारीला याहून जवळचा शब्द सापडणे कठीण आहे.

युरोपात हा वाद मोटारींच्या आधी इमारतींवरून झाला. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युकने एकोणिसाव्या शतकात पडकी चर्चे आणि किल्ले दुरुस्त केले. त्याचे मत असे, की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत नेणे, जी कदाचित तिने कधीच पाहिली नसेल. इंग्लंडात रस्किनने १८४९ मध्येच याला खोटेपणा म्हटले होते. त्याच्या लेखी जीर्णोद्धार हा नाशाचा सर्वांत वाईट प्रकार होता. १९६४ च्या व्हेनिस सनदेने यातून मध्यम मार्ग काढला. जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबावी. नवे बसवलेले जुन्याशी विसंगत दिसू नये पण ओळखू यावे. आणि वेगवेगळ्या काळांनी वास्तूत घातलेली भर पुसून टाकू नये. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फीव्हाने, २०१२ मध्ये याच धर्तीवर ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा सर्वांत उपयोगी नियम अगदी घरगुती आहे. सुरक्षिततेसाठी काही बदलायचेच असेल तर ते परत काढता येईल असे बदला, आणि काढलेला भाग फेकू नका, गाडीबरोबर ठेवा.

इमारत आणि गाडी यांतला फरक या सनदेनेही पुरता मिटवलेला नाही. देऊळ उभे राहिले की त्याचे काम झाले. गाडीला धावावे लागते, आणि धावणारी वस्तू स्वतःला खात असते. ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, टायर, बेअरिंग, पिस्टन रिंगा हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. शिवाय जिच्यावर ती धावते ती दुनियाही बदललेली असते. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांच्या ओतीव लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्ह आपटतो तिथे शिशाचा पातळ थर गादीसारखा काम करायचा. तो गेल्यावर वॉल्व्ह बसण्याची जागा झिजून वॉल्व्ह आत आत रुतत जातो. उपाय एकच, हेड उघडून तिथे कठीण पोलादाच्या सीट ठोकायच्या. बाहेरून काही दिसत नाही, आणि आतून गाडी कायमची बदलते. आता २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पन्नास-साठच्या दशकांतले रबर आणि बुचाच्या गॅस्केटी खाते. रबरी नळी बदलली नाही तर पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर ठिबकते. अशा वेळी मूळपणाचा आग्रह धरणाऱ्याने आग विझवण्याचे नळकांडेही जवळ ठेवावे. तेही अर्थात मूळ गाडीत नव्हते.

दुसऱ्या टोकाची, म्हणजे हातच न लावण्याची, उदाहरणेही आहेत. फिलाडेल्फियात फ्रेड सिमिओनी या न्यूरोसर्जननी शर्यतीच्या स्पोर्ट्स कारांचा संग्रह केला. त्यांचे मत असे, की एखादा दस्तऐवज नव्याने टाइप करून आपण मूळ कागद फाडत नाही, मग गाडीच्या बाबतीत तेच का करावे? त्यांच्याकडची सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे १९६४ ची शेल्बी कोब्रा डेटोना कूपे. पीटर ब्रॉकने रेखाटलेल्या या जातीच्या सहाच गाड्या झाल्या. ही त्यांतली पहिली, लॉस एंजेलिसमध्ये बांधलेली. उरलेल्या पाचांची बॉडी इटलीत मोदेनाला ठोकली गेली. १९६५ मध्ये याच गाड्यांच्या जोरावर शेल्बीने फेरारीला मागे टाकून जीटी गाड्यांचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर ही पहिली कूपे संगीत-निर्माता फिल स्पेक्टरकडे गेली आणि पुढे कित्येक वर्षे कॅलिफोर्नियात एका भाड्याच्या गोदामात बंद पडून राहिली. सिमिओनींनी ती २००१ मध्ये घेतली आणि तिला नवी कोरी केली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेने ऐतिहासिक वाहनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिली नोंद हिची झाली. तिची मापे आणि छायाचित्रे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत.

त्याहून पुढची गोष्ट माज्जोरे सरोवरातल्या बुगाटीची. १९२५ ची 'ब्रेशिया' जातीची ही छोटी गाडी स्वित्झर्लंडमध्ये आस्कोना गावी आली. तिच्यावरचा जकातकर कुणी भरला नाही, म्हणून तीसच्या दशकात ती साखळीला बांधून तळ्यात बुडवली, आणि साखळी गंजून तुटल्यावर ती त्रेपन्न मीटर खोल तळाशी जाऊन बसली, असे सांगतात. पाणबुड्यांना ती १९६७ मध्ये सापडली, २००९ च्या जुलैमध्ये वर काढली गेली आणि २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात दोन लाख साठ हजार युरोंवर गेली. ज्यांनी ती घेतली त्या पीटर मुलिन यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात ती तशीच मांडली. एक कड गंजून कुरतडलेली, दुसरी कड चिखलात रुतल्यामुळे बरीच शाबूत. ती आता धावू शकत नाही आणि कुणी धाववूही नये. पण तिला मोटार म्हणावे की मोटारीचा अस्थिकलश, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या दोन टोकांच्या मधली माझी आवडती गाडी म्हणजे १९३४ ची बुगाटी टाइप ५९. ग्रां प्री शर्यतींसाठी ती बांधली गेली. नंतर कारखान्यानेच तिचा सुपरचार्जर काढून तिला स्पोर्ट्स कार केले. मग ती बेल्जियमच्या राजा तिसऱ्या लिओपोल्डकडे गेली आणि त्याने फ्रेंच शर्यतींचा निळा रंग झाकून तिला काळा रंग व पिवळा पट्टा दिला. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथल्या प्रदर्शनात ती सर्वोत्तम ठरली. १९५० पासून चाललेल्या त्या प्रदर्शनात जीर्णोद्धार न केलेल्या गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण तिथे जपले काय गेले? कारखान्यातून प्रथम निघालेली गाडी तर ती नव्हेच. जपले गेले ते तिच्या मालकाचे मत. तो काळा रंग खरवडून खालचा निळा काढला असता तर गाडी अधिक 'मूळ' झाली असती आणि तिच्यातला राजा नाहीसा झाला असता.

अलीकडे कारखान्यांनी स्वतःच नकला काढायला सुरुवात केली आहे. जग्वारने १९६३ मध्ये अॅल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप अठरा करायचे ठरवले होते, झाल्या बारा. २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की राहिलेल्या सहा आता करतो, त्यांचे राखून ठेवलेले चासी क्रमांक वापरून. १९५७ च्या आगीत जळालेल्या नऊ एक्सकेएसएस गाड्यांबाबत तसाच निर्णय २०१६ मध्ये झाला. बेंटलीने तर बर्किनच्या १९२९ च्या सुपरचार्जरवाल्या गाडीचा एकेक भाग सोडवून, लेझरने मोजून तिच्यासारख्या बारा गाड्या करायला घेतल्या. यांना विकणारे 'कंटिन्युएशन' म्हणतात. कारखाना तोच, आराखडे तेच, आणि मध्ये कित्येक दशकांचा खड्डा. माझ्या मते तहसीलीतला कारकून यांचे वर्णन जास्त प्रामाणिकपणे करेल. अस्सल बरहुकूम आहेत, खऱ्या आहेत, आणि नकला आहेत. फक्त ते शब्द तळाशी लिहिलेले हवेत.

आमच्या क्षेत्रात हा प्रश्न फार जुना आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली. जवळजवळ तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात चुका शिरल्या होत्या, भर पडली होती. नाथांनी अनेक प्रती पाहून पाठ ठरवला आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. आपण आज जी ज्ञानेश्वरी वाचतो ती या वंशातली. मग १९०९ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी बीडकडे मिळालेल्या एका पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली आणि हीच एकनाथांच्या आधीची, जुन्या भाषेची, असा दावा केला. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ वाद घातले. पण पंढरीच्या वाटेवर, सप्ताहात, घरोघरच्या पारायणात वाचली जात राहिली ती मुख्यतः नाथांच्या परंपरेतलीच. न्यायमूर्ती ऑटन यांच्या कसोटीने पाहिले तर वारकऱ्यांचे बरोबर आहे. खंड न पडता चालत आलेली ती ही. आणि तरी राजवाड्यांची प्रत नसती तर मधल्या काळात काय बदलले असेल हा प्रश्नच आपल्याला सुचला नसता. पुरीच्या भाविकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नवकलेवराच्या वर्षी, गेल्या वेळी २०१५ मध्ये, जगन्नाथाचे लाकूड बदलते आणि आतला ब्रह्मपदार्थ जुन्यातून नव्यात जातो. मोटारवाल्यांच्या लेखी ती जागा चासी क्रमांकाची आहे, आणि त्याचीही चोरटी ने-आण होते, हे मात्र पुरीत होत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत 'विंटेज' वाहनांसाठी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, मूळ स्वरूपात ठेवलेली. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंतर पाच हजार. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. जुन्या गाड्यांना भंगारातून वाचवणारा नियम म्हणून तो चांगलाच आहे. पण त्याची व्याख्या न्यायमूर्तींनी नाकारलेल्या पहिल्या शब्दावर उभी आहे. 'ओल्ड नंबर वन' उद्या भारतात आणली तर तिला हा क्रमांक मिळणे अवघड जाईल. चासी बदललेली, इंजिन बदललेले, बॉडी किती वेळा बदलली याची गणतीच नाही.

ल मान्सच्या गाडीची काळजी आपण करायला नको. पण आपल्याकडच्या किती जुन्या स्पोर्ट्स कार या व्याख्येत बसतील? स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. मोठ्या अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिने आली, इटालियन गाड्यांना फियाट अकराशेची अंगे लागली, काचा रिक्षाच्या मापाने कापल्या गेल्या. गाडी जिवंत ठेवायची तर दुसरा इलाज नव्हता.

बडोद्यात, जिथे मी राहते, एका गॅरेजात मी अशी एक एमजीए पाहिली आहे. एमजीए म्हणजे १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडात एक लाखाच्या वर तयार झालेली, बहुतेक निर्यात झालेली, ठेंगणी दोन आसनी उघडी गाडी. मालकांच्या वडिलांनी ती घेतली होती. सत्तरच्या दशकात तिचे इंजिन फुटले आणि तिच्यात अँबॅसडरचे इंजिन बसवले गेले. आता नातवाला ती 'ओरिजिनल' करायची आहे. इंग्लंडहून योग्य इंजिन मागवायचे, दोन एसयू कार्बोरेटर लावायचे. जमल्यास पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही, कारण धाकट्या बहिणीला, म्हणजे १९५९ च्या सोळाशेला, ते कारखान्यातूनच मिळाले होते. त्यासाठीची इंग्रजी कागदपत्रे समजावून द्यायला म्हणून मला बोलावले होते. मी विचारले, की परके इंजिन काढायला इतका खर्च येतो का? वयस्कर मिस्त्री हसले आणि गुजरातीत म्हणाले, "बेन, आ तो एनो ज भाई छे." तिचाच भाऊ आहे.

ते अक्षरशः खरे होते. १९५९ पासून हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडरमध्ये घातलेले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे. पहिल्या एमजीएत बसवलेले १४८९ चे इंजिनही त्याच कुळातले. एक ऑक्सफर्डशेजारच्या ॲबिंग्डनला शर्यतीची स्वप्ने पाहत गेले, दुसरे हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला जाऊन एका कार्बोरेटरवर, कमी ताकदीने, सरकारी अधिकाऱ्यांना आणि टॅक्सीवाल्यांना वाहत राहिले. मिस्त्रींनी हे पुस्तकात वाचले नव्हते. माउंटिंगची भोके फारशी न वाढवता इंजिन जागेवर बसले होते, एवढ्यावरून त्यांनी नाते ओळखले होते.

माझे मत मी त्या घरी सांगितले. काळा रंग खरवडू नये, तसेच हेही इंजिन काढू नये. लायसन्स राजच्या वीस-पंचवीस वर्षांत ही गाडी कशी जगली याचा तो एकमेव पुरावा आहे, आणि व्हेनिसच्या सनदेने जिला काळाची भर म्हटले ती हीच. वॉल्व्ह सीट बदला, पेट्रोलच्या नळ्या बदला, ब्रेकही बदला हवे तर, जुने ड्रम पेटीत घालून ठेवा. नातवाला हे फारसे पटले नाही. तो म्हणाला, "आजोबांनी घेतली ती गाडी मला चालवायची आहे, बाबांनी चालवली ती नको." हेही ऐकण्यासारखे होते, आणि त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते.

अडचण निघाली ती कागदात. त्यांच्या आरसी बुकात इंजिन क्रमांक अँबॅसडरचा आहे. त्या काळी आरटीओत रीतसर अर्ज करून बदल नोंदवून घेतला होता, शाईत, शिक्क्यासह. फुटलेले इंजिन भंगारात गेले, त्याचा क्रमांक कुणाकडे उरला नाही. म्हणजे आता इंग्लंडहून आणलेले इंजिन जातीने बरोबर, वर्षानेही बरोबर, पण कागदाशी जुळणार नाही. ते पुन्हा नव्याने नोंदवावे लागेल आणि आरसीवर दुसरा फेरफार चढेल. अँबॅसडरचे इंजिन ठेवले तर कागद जुळतो, पण त्याच कागदावर पहिला फेरफार लिहिलेला आहे. मी गेल्या महिन्यात विचारले तेव्हा विंटेज नोंदणीचा अर्ज भरून तयार होता. इंजिन क्रमांकाचा रकाना तेवढा पेन्सिलीने भरला होता.